दोन थेंबांची राखण

मराठवाड्यातल्या आमच्या शहरात, शहागंजातल्या औषधाच्या दुकानांत उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो. इन्सुलिनची कुपी घेणारा विचारतो, "फ्रीजमध्येच ठेवायची आहे, तर वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवतो. जास्त दिवस टिकेल ना?" दुकानदार म्हणतो, "नाही काका, बर्फात नका ठेवू, वाया जाईल." का वाया जाईल हे सांगायला त्याला सवड नसते, मागे गिऱ्हाईक उभं असतं.

तिथून थोड्याच अंतरावर घाटी रुग्णालयाशी जोडलेलं वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुढे विद्यापीठ आहे. अशा ठिकाणच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या हाती करंगळीच्या पेराएवढी कुपी पडते. तिच्यात नसा वाढवणाऱ्या एका प्रथिनाला पकडणारं प्रतिपिंड असतं. लेबलवर लिहिलेलं असतं, 'उणे २० अंशांवर ठेवा.' इन्सुलिन हे प्रथिन आहे आणि प्रतिपिंड हेही प्रथिनच. मग एकाला बर्फ वर्ज्य आणि दुसऱ्याला बर्फाहून थंड जागा, असं का?

उत्तर समजायला आधी हे नसांचं प्रथिन काय आहे ते पाहू.

१. नसांना जगवणारं प्रथिन

गर्भात बाळाचं शरीर घडत असताना चेतापेशी, म्हणजे ज्यांच्या तंतूंना आपण बोलण्यात नसा म्हणतो त्या पेशी, गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात. त्यांचे तंतू त्वचेकडे, रक्तवाहिन्यांकडे, हृदयाकडे निघतात. जे पोचतात आणि तिथे पोसले जातात ते टिकतात. बाकीच्या पेशी मरून जातात. मराठवाड्यातल्या मोसंबीच्या बागेत ठिबकची नळी जिथे थेंब सोडते तिथल्याच मुळ्या जोमानं धरतात, तसंच हे. त्वचा आणि इतर अवयव जो थेंब सोडतात, त्यातलं एक प्रथिन म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर. पुढे त्याला एनजीएफ म्हणू.

हे प्रथिन सापडलं ते रिटा लेव्ही-मोंताल्चिनी या इटालियन बाईंच्या चिकाटीमुळे. १९०९ साली तुरिनमध्ये त्या जन्मल्या आणि डॉक्टर झाल्या. १९३८ साली मुसोलिनीच्या राजवटीनं ज्यू लोकांना विद्यापीठांची दारं बंद केली. पुढे त्यांनी घरच्या झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली. शिवणकामाच्या सुया घासून बारीक केल्या आणि कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या नसा तपासायला सुरुवात केली. अंड्याइतकी स्वस्त आणि आयती प्रयोगशाळा दुसरी नाही. ठराविक ऊब मिळत राहिली की आत सगळं आपोआप वाढतं.

युद्ध संपल्यावर त्या अमेरिकेत सेंट लुईसला व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्याकडे गेल्या. उंदराच्या एका गाठीचा तुकडा कोंबडीच्या गर्भावर लावला, तर गर्भाच्या नसा त्या गाठीत वेड्यावाकड्या घुसत. गाठ काहीतरी सोडत असावी असा त्यांना संशय आला. १९५२ मध्ये त्या गाठी असलेले उंदीर विमानातून सोबत घेऊन रिओ दि जानेरोला गेल्या. तिथे काचेच्या ताटलीत गर्भाच्या नसांचा ठिपका आणि शेजारी गाठीचा तुकडा ठेवला. एका दिवसात ठिपक्याभोवती नसांच्या तंतूंचं वलय उभं राहिलं, सूर्याच्या किरणांसारखं.

पुढचा भाग मला फार आवडतो. स्टॅन्ली कोहेन हे रसायनतज्ज्ञ गाठीतला तो पदार्थ वेगळा काढत होते. पदार्थ प्रथिन आहे की न्यूक्लिक आम्ल, हे ठरवायला त्यांनी न्यूक्लिक आम्ल तोडणारं सापाचं विष त्यात मिसळलं. नसा थांबायच्या ऐवजी आणखी जोरात वाढल्या! विषातच तो पदार्थ भरपूर होता. सापाची विषग्रंथी म्हणजे लाळेच्या ग्रंथीचीच भावंड, म्हणून त्यांनी उंदराची लाळग्रंथी तपासली. तिथे तर खजिनाच निघाला, आणि नर उंदरात मादीपेक्षा कितीतरी जास्त. १९८६ साली दोघांना मिळून नोबेल मिळालं.

२. घोडा, ससा आणि प्रतिपिंड

आता हे प्रथिन शरीरात कुठे आहे, किती आहे, हे बघायचं कसं? साध्या सूक्ष्मदर्शकात ते दिसत नाही. त्याला धरणारा पदार्थ हवा.

असा पदार्थ शरीर स्वतःच बनवतं. अंगात परकं प्रथिन शिरलं की रक्तातल्या काही पेशी त्या प्रथिनाच्या आकारावर नेमकी बसणारी प्रथिनं तयार करतात. हीच प्रतिपिंडं. इंग्रजी वाय अक्षरासारखा त्यांचा आकार असतो, आणि वरच्या दोन टोकांनी ती लक्ष्याला धरतात. १८९० मध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी धनुर्वात व घटसर्पाच्या विषाविरुद्ध असे पदार्थ जनावरांच्या रक्तात तयार होतात हे दाखवलं.

महाराष्ट्राला ही विद्या परकी नाही. मुंबईत परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ साली प्लेगसंशोधनाची प्रयोगशाळा सुरू झाली. वाल्डेमार हाफकिन यांच्या नावानं १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. घोड्यांना सापाच्या विषाची थोडी थोडी मात्रा टोचायची, मग त्यांच्या रक्तातून प्रतिपिंडं काढायची, हे काम हाफकिननं अनेक पिढ्या केलं आहे. खेड्यात नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं चावलेल्या माणसाला सरकारी दवाखान्यात जे प्रतिविष देतात, ते म्हणजे घोड्याची प्रतिपिंडंच. आपल्या नागाच्या विषातही एनजीएफ असतं. संशोधनाची ती इवली कुपी आणि ग्रामीण रुग्णालयातली प्रतिविषाची बाटली अशी एका घरातली निघते.

एनजीएफविरुद्धचं पहिलं प्रतिपिंडही याच वाटेनं आलं. उंदराच्या लाळग्रंथीतलं एनजीएफ सशांना टोचलं आणि सशांच्या रक्तातला द्रव घेतला. १९६० साली लेव्ही-मोंताल्चिनी आणि बार्बरा बुकर यांनी तो द्रव नवजात उंदरांना दिल्याचं प्रसिद्ध केलं. त्या पिल्लांच्या शरीरातल्या एका जातीच्या, म्हणजे हृदय, रक्तवाहिन्या यांना हुकूम देणाऱ्या चेतापेशी जवळजवळ नाहीशा झाल्या. पिल्लं बाकी वाढत होती. ठिबकचा वॉल्व बंद केला की रोप सुकतं, ते इथे उघड दिसलं. एनजीएफ या नसांना जिवंत राहायलाच लागतं, याचा हा ठोस पुरावा होता, आणि तो प्रतिपिंडानं दिला.

सशाच्या रक्तात एकाच लक्ष्याच्या वेगवेगळ्या बाजूंना धरणारी अनेक प्रतिपिंडं मिसळलेली असतात. त्याला बहुवंशी म्हणतात. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच पेशीच्या वंशाकडून एकाच जातीचं प्रतिपिंड हवं तेवढं बनवायची रीत शोधली. ते एकवंशी. बाजारात आज दोन्ही मिळतात.

३. मॅचिंग सेंटरचा धडा

शहागंजापासून गुलमंडीपर्यंतच्या कापडबाजारात साडीला ब्लाउजपीस जुळवायला जाणाऱ्या बायकांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली अगदी जुळलेला रंग बाहेर उन्हात आल्यावर वेगळा निघू शकतो. म्हणून जाणती बाई पीस घेऊन दारात येते.

प्रतिपिंडाचंही असंच आहे. ते सगळं प्रथिन पाहत नाही, त्यातला एक लहानसा तुकडा पाहतं, साडीच्या पदरातला एक इंच पाहावा तसा. त्यातून दोन गोष्टी निघतात.

पहिली अशी, की एनजीएफची भावंडं आहेत. त्यातलं बीडीएनएफ हे प्रथिन १९८२ साली डुकराच्या मेंदूतून वेगळं काढलं गेलं. दोघांची घडण बरीचशी सारखी. जुळणारा तो इंच दोघांत सारखा असेल तर प्रतिपिंड दोघांनाही धरेल, आणि आपण बीडीएनएफ पाहून एनजीएफ सापडलं म्हणून आनंदून जाऊ. कुपीच्या माहितीपत्रकात 'इतर प्रथिनांना धरतं का' ही ओळ असते. ती आधी वाचावी.

दुसरी गोष्ट उजेडाची. प्रथिन म्हणजे घडी घातलेला धागा. एका चाचणीत, तिला वेस्टर्न ब्लॉट म्हणतात, प्रथिनांच्या घड्या मुद्दाम उसवून त्यांना आकारमानाप्रमाणे पट्ट्यांत वेगळं करतात. दुसऱ्या चाचणीत ऊतीच्या पातळ कापावर प्रथिन जवळजवळ आहे त्या घडीत असतं. उसवलेल्या धाग्यावर बसणारं प्रतिपिंड घडीवर बसेलच असं नाही. म्हणून 'हे वेस्टर्न ब्लॉटसाठी तपासलेलं आहे' असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ तेवढाच घ्यायचा. ऊतीच्या कापावर ते चालतं की नाही, हे आपल्याला स्वतः दारात येऊन पाहावं लागतं.

प्रतिपिंड कोणत्या प्राण्यात बनवलं आहे, हेही पाहायचं. प्रतिपिंड स्वतः रंगहीन असतं. ते कुठे बसलं हे दिसावं म्हणून त्याच्यावर दुसरं, रंग किंवा चमक जोडलेलं प्रतिपिंड चढवतात. पहिलं सशाचं असेल तर दुसरं 'सशाला धरणारं' हवं. आपण उंदराचा मेंदू तपासत असू आणि पहिलं प्रतिपिंडही उंदरातलंच असेल, तर दुसरं प्रतिपिंड मेंदूतल्या उंदराच्या स्वतःच्या प्रतिपिंडांनाही धरतं आणि सगळा काप रंगून जातो.

४. कुपी उघडताना

कुपीत बहुधा १०० मायक्रोलिटर द्रव असतो. एक मिलिलिटर म्हणजे १००० मायक्रोलिटर. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ५० मायक्रोलिटरचा. म्हणजे सगळा ऐवज दोन थेंबांचा, आणि किंमत हजारो रुपये. प्रवासात हे थेंब झाकणाला, कडेला चिकटून बसतात. म्हणून उघडण्याआधी कुपी छोट्या सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवायची आणि द्रव तळाशी आणायचा. नुसतं झाकण उघडून 'कुपी रिकामीच आली' म्हणणारे कितीतरी जण असतात.

कधी द्रवाऐवजी पांढरी पूड येते. गोठवून सुकवलेली ही पूड म्हणजे प्रतिपिंडाची सर्वांत कणखर अवस्था. खेड्यातल्या दवाखान्यांसाठी सापाचं प्रतिविष पुडीच्या रूपात बनवतात ते याचसाठी. द्रवरूप प्रतिविषाला सतत २ ते ८ अंशांचा फ्रीज लागतो, पूड वीज गेली तरी तग धरते. पुडीत सांगितलेलं निर्जंतुक पाणी हळूच घालावं आणि अर्धा तास तशीच ठेवून ती विरघळू द्यावी. जोरानं हलवू नये. अंड्याचा पांढरा बलक फेटला की त्याचा फेस होतो, आणि फेसातून परत पातळ बलक मिळत नाही. फेस म्हणजे घडी मोडलेलं प्रथिन. प्रतिपिंडाचा फेस झाला तर त्याचंही तेच होतं.

५. कुल्फी का खरखरीत होते

आता मूळ प्रश्न. मे महिन्यात आपल्या शहरात पारा चाळीशी ओलांडतो. अशा दिवशी कुल्फी वितळली आणि परत फ्रीझरमध्ये टाकली, तर दुसऱ्या खेपेला ती जिभेला खरखरीत लागते. बर्फाचे बारीक स्फटिक वितळून पुन्हा जमताना मोठे आणि टोकदार झालेले असतात.

प्रतिपिंडाच्या द्रवात हेच घडतं. पाणी गोठू लागलं की शुद्ध बर्फ वेगळा होतो आणि उरलेल्या थोड्या द्रवात मीठ व प्रथिनं दाटीवाटीनं कोंडली जातात. त्या दाटीत आणि बर्फाच्या पृष्ठभागावर प्रथिनांच्या घड्या सुटतात, सुटलेले धागे एकमेकांत गुंततात आणि गुठळ्या होतात. वितळल्यावर गुठळ्या सगळ्या सुटत नाहीत. गोठलेल्या अवस्थेत स्थिर राहिलं तर नुकसान थोडं, ते होतं गोठताना आणि वितळताना. दर खेपेला थोडं थोडं.

म्हणजे इन्सुलिन आणि प्रतिपिंड दोघांनाही बर्फाचा जाच होतो. फरक वापराच्या पद्धतीत आहे. इन्सुलिन रोज वापरायचं असतं आणि महिन्याभरात संपतं. त्याला ठराविक काळ टिकलं की पुरे, म्हणून २ ते ८ अंश. संशोधनाचं प्रतिपिंड वर्ष-दोन वर्षं पुरवायचं असतं. म्हणून ते इतक्या थंडीत ठेवायचं, आणि तेही रक्षकासह.

रक्षक म्हणजे ग्लिसरीन. हिवाळ्यात ओठ फुटले की लावतो तेच. निम्मं ग्लिसरीन असलेला द्रव उणे २० अंशांना गोठतच नाही, मधासारखा जाड पण वाहता राहतो. बर्फ नाही, म्हणून स्फटिकही नाहीत. अनेक कुप्यांत ते आधीच घातलेलं असतं. नसेल तर लहान लहान वाटण्या करायच्या, म्हणजे १०-१० मायक्रोलिटर वेगवेगळ्या नळ्यांत भरून ठेवायचं आणि लागेल तेव्हा एकच नळी काढायची. काढलेली नळी परत गोठवायची नाही, फ्रीजमध्ये ४ अंशांवर ठेवून काही दिवसांत संपवायची. दहाच्या खाली वाटणी करू नये. इतका थोडा द्रव नळीच्या भिंतीलाच चिकटतो आणि बाष्पानंही कमी होतो.

एक सूचना घरगुती फ्रीज वापरणाऱ्या छोट्या प्रयोगशाळांसाठी. 'फ्रॉस्ट-फ्री' फ्रीजमध्ये बर्फ साचत नाही, कारण तो अधूनमधून स्वतःला थोडा गरम करून बर्फ वितळवतो. गृहिणीला ही सोय, प्रतिपिंडाला मात्र रोजची कुल्फी. त्यासाठी जुन्या पद्धतीचा, हातानं बर्फ काढायचा फ्रीझरच बरा.

आणि रंग किंवा विकर (एन्झाइम) जोडलेली प्रतिपिंडं वेगळी वागतात. चमकणारा रंग उजेडात विटतो, म्हणून त्यांना अंधारात ठेवतात, आणि अशी बरीचशी गोठवतही नाहीत. त्यांच्या लेबलवरचा शब्द शेवटचा.

६. किती घालायचं

पत्रकात '१:१०००' असं लिहिलेलं असतं. हिशेब सोपा आहे. चाचणीसाठी १० मिलिलिटर, म्हणजे १०,००० मायक्रोलिटर द्रव हवा असेल तर त्यात १० मायक्रोलिटर प्रतिपिंड, म्हणजे आपली एक वाटणी. मूळ कुपीत दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असेल, तर पातळ केल्यावर दर मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम उरतं.

चूक होते ती ग्लिसरीनच्या पायरीला. समजा आपण १०० मायक्रोलिटर प्रतिपिंडात १०० मायक्रोलिटर ग्लिसरीन घातलं. आता ते निम्मं पातळ झालं आहे. पूर्वी १:१००० लागत होतं, तर आता १:५०० घ्यायला हवं. नळीवर हे लिहिलं नाही तर पुढच्या वर्षी आलेला विद्यार्थी निम्म्याच मात्रेत प्रयोग करेल आणि एनजीएफ कमी झालं असा निष्कर्ष काढेल.

पत्रकातला आकडा आमटीतल्या मिठासारखा आहे, सुरुवात करायला चांगला. पहिल्या खेपेला १:२५०, १:५००, १:१००० आणि १:२००० अशा चार पट्ट्या लावाव्यात. जिथे खूण ठळक पण पार्श्वभूमी स्वच्छ, तो आपला आकडा.

बहुतेक कुप्यांत जंतू वाढू नयेत म्हणून किंचित सोडियम अझाइड असतं. ते विष आहे. जिवंत चेतापेशींवर प्रयोग करायचा असेल तर अझाइड नसलेली कुपी मागवावी, नाहीतर पेशी मरतात आणि आपण प्रतिपिंडाला श्रेय देऊन बसतो. काही रंग-चाचण्यांतल्या विकरालाही ते बंद पाडतं.

७. बिघडलेली कुपी ओळखायची कशी

दूध नासलं तर फाटतं, वास येतो. प्रतिपिंड बिघडलं तर बहुधा काहीच दिसत नाही. द्रव तसाच पाण्यासारखा स्वच्छ.

माझ्या उमेदवारीच्या दिवसांत हे मला फार महागात पडलं. मे महिन्यात शुक्रवारी संध्याकाळी आलेलं पार्सल सही करून कुणीतरी टेबलावर ठेवलं आणि सोमवारपर्यंत ते तिथेच राहिलं. आतला बर्फ केव्हाच वितळला होता. मी कुपी गुपचूप फ्रीझरमध्ये ठेवली आणि तीन आठवडे काम केलं. पट्ट्या फिक्या यायच्या. मी समजलो, नमुन्यांत प्रथिन कमी आहे. वरिष्ठांनी एकच प्रश्न विचारला, "ज्यात एनजीएफ नक्की आहे, असा नमुना शेजारी लावला होता का?" लावला नव्हता. नर उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क लावला, त्याचीही पट्टी फिकी आली. दोष नमुन्यात नव्हता, कुपीत होता. तीन आठवड्यांची वही मी बाजूला ठेवली.

तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे. दर प्रयोगात तीन सोबती हवेत. नर उंदराची लाळग्रंथी, जिथे खूण यायलाच हवी. एनजीएफ नसलेला एखादा नमुना, जिथे ती येता कामा नये. आणि पहिल्या प्रतिपिंडाशिवाय लावलेला एक काप, म्हणजे नुसता दुसऱ्या प्रतिपिंडाचा रंग किती चढतो ते कळतं. पट्टीची जागाही तपासावी. तयार एनजीएफची साखळी साधारण १३ किलोडाल्टनपाशी (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) दिसते, त्याचं कच्चं रूप बत्तीसच्या आसपास. पट्टी भलतीकडेच असेल तर ती कितीही ठळक असली तरी आपली नाही.

८. हे औषध आहे का?

मधुमेहानं पायांना मुंग्या येणारे लोक नसा वाढवणारं प्रथिन म्हटलं की आशेनं विचारतात. स्पष्ट सांगायला हवं, ही कुपी औषध नाही. तिच्यावर 'फक्त संशोधनासाठी' असं लिहिलेलं असतं आणि ती कुणालाही टोचायची नसते. शिवाय हे प्रतिपिंड नस वाढवत नाही, उलट एनजीएफला अडवू शकतं.

अडवण्याचा उपयोगही लोकांनी शोधला. मोठ्या वयात एनजीएफ वेदनेच्या नसांना चेतवतं, म्हणून ते अडवून सांधेदुखी शमवायचे प्रयत्न झाले. टॅनेझुमॅब हे माणसांसाठीचं प्रतिपिंड काही रुग्णांच्या सांध्यांची झीज वाढवतं असं दिसलं, आणि २०२१ साली अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीनं त्याच्या विरोधात मत दिलं. मांजरांच्या सांधेदुखीसाठी मात्र असंच एक प्रतिपिंड जानेवारी २०२२ मध्ये तिथे मंजूर झालं. माणसासाठी टॅनेझुमॅब मंजूर झालं नाही, आणि मला ते योग्य वाटतं.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती एवढीच: कुपी आली त्याच दिवशी तिच्या वाटण्या करा, आणि प्रत्येक नळीवर नाव, तारीख, ग्लिसरीन घातलं की नाही ते न पुसणाऱ्या शाईनं लिहा. आणि शहागंजातून इन्सुलिन नेणाऱ्या काकांना: फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, बर्फाला चिकटू देऊ नका. चुकून कुपी गोठलीच, तर वितळल्यावर ती कितीही स्वच्छ दिसली तरी टोचू नका. नवी घ्या.